कंदीलवालीचा नवरा

या, असे जवळ सरकून बसा. मागं बसलात तर ऐकू येईल, पण पोचणार नाही. आज मी तुम्हाला एका माशाची गोष्ट सांगणार आहे. मासा म्हटल्यावर नाक मुरडू नका. ज्यानं तुम्हाआम्हाला घडवलं त्यानंच त्यालाही घडवलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर जरा जास्तच मेहनत घेतली. गोष्ट माशाची आहे, पण तिच्यात दोन जावा आहेत, एक सासरे आहेत, आणि एका जावेच्या पोटात उठलेला असा एक जाळ आहे, की समुद्राच्या तळाशी नेला असता तरी विझला नसता.

एक कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, घराच्या मागच्या अंगाला जोडलेल्या दोन लांब खोल्या. पहिलीत साचे, दुसरीत रंग. मधे दार नाही, नुसती चौकट, त्यामुळे एका खोलीतला उसासा दुसरीत ऐकू जायचा. तिथं मासे बनत. खोटे मासे, संग्रहालयातल्या काचेच्या कपाटांसाठी. खरा मासा बरणीतल्या औषधात पडून पडून उकडलेल्या बटाट्यासारखा होतो, त्याला बघायला कोण तिकीट काढणार? म्हणून त्या माशावरून रबराचा साचा घ्यायचा, साच्यात राळ ओतायची, ओतीव मासा तासून-घासून साफ करायचा आणि मग त्याला जिवंतपणीचा रंग चढवायचा. कारखाना सासऱ्यांचा. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दोन्ही मुलगे तयार माल पोचवायला आणि नवीन कामं आणायला गावोगाव फिरत. खोल्यांमध्ये बसून काम करायच्या त्या दोन सुना, थोरली आणि धाकटी.

थोरलीकडे रंग. पातळ रंगाचा एक हात द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक हाताखालून आधीचा दिसला पाहिजे. असे पाच-सहा हात झाले की मासा ओला वाटायला लागतो, बोट लावून बघावंसं वाटतं. एवढा धीर घरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

धाकटी नंतर आली. ‘नुसती बघते हं’ म्हणत साच्यांच्या खोलीत शिरली आणि कोरणी हातात घेऊन बसली ती उठलीच नाही. काम करताना गाणी म्हणायची. देवाची म्हणायची, पण बेसूर. आणि थोरलीच्या गोड गळ्याबद्दल ज्यांनी कधी ‘बरं गातेस’ एवढंही म्हटलं नव्हतं, ते मास्तर या बेसूर गाण्यावर बोटांनी ताल धरायचे. इथं पहिली ठिणगी पडली बरं का.

आता कारखान्याची एक रीत सांगते. माशावर कुणाचं नाव घालायचं नाही. नाव त्या वरच्याचं, आपण नक्कल करणारे. पण एखादा मासा मास्तरांच्या फारच मनात भरला, तर त्याच्या टाळ्याला ओल्या पुट्टीचा टिकलीएवढा गोळा लावायचा आणि ज्यानं तो तासला त्यानं त्यावर अंगठा दाबायचा. तोंडाच्या आत, वरच्या बाजूला. बघणाऱ्याला तो कधीच दिसायचा नाही. पुट्टी रंगाच्या आधी लागते, म्हणून अंगठा तासणाऱ्याचाच. रंगवणारीचा अंगठा कशावर उमटणार? थोरलीनं इतक्या वर्षांत कितीतरी मासे जिवंत केले, आणि तिच्या वाट्याला काय, तर दुसऱ्याच्या अंगठ्यावरून अलगद कुंचला फिरवायचा, रेषा बुजू न देता. तो अंगठा मास्तरांचा असायचा तोवर तिला काही वाटलं नाही. पण मास्तरांची नजर अधू झाली, तासायचं काम धाकटीकडे गेलं, आणि मास्तर जेवताना म्हणू लागले, “हिचा अंगठा घ्यायची वेळ जवळ आलीय बरं का.” थोरलीच्या घशात घास फिरायचा. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. रीत मोडून का होईना, पण एकदा मास्तरांनी म्हणावं, “थोरले, अंगठा लाव.”

त्या सुमारास एका मोठ्या संग्रहालयाचं काम आलं. खोल समुद्राचं दालन. खोल म्हणजे जिथं सूर्य कधी पोचलाच नाही इतकं. तिथले एकेक रहिवासी बरण्यांमधून कारखान्यात येऊ लागले. एक मासा म्हणजे नुसतं तोंड आणि मागं शेपटी, मधलं अंग द्यायचं राहूनच गेल्यासारखा. एक कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा, पोटाखाली दिव्यांची रांग. एक समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा मऊ जीव, इतकी पारदर्शक, की तिनं काय खाल्लंय ते शेजाऱ्यांना दिसावं. “बरं झालं बाई आपण अशा नाही,” धाकटी म्हणाली, “नाहीतर चोरून खाल्लेलं सगळं उघडं पडलं असतं.” मास्तर हसले. थोरली हसली नाही.

आणि या सगळ्यांची राणी आली ती अँग्लरफिश. कारखान्यात तिचं नाव पडलं कंदीलवाली. फुटबॉलएवढी, जिवंतपणी काळीकुट्ट, खालचा जबडा पुढे, दात आत वळलेले, आत गेलेलं परत येऊ नये असे. कपाळातून निघालेली एक काडी आणि काडीच्या टोकाला उजेडाचा थेंब. तो उजेडसुद्धा तिचा नाही. त्या थेंबात बारीक बारीक जीव राहतात, ते चमकतात, ही त्यांना फक्त घर देते. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. जिथं बघायला कुणी नाही, तिथंही त्यानं दिवा लावून ठेवलाय. कंदीलवाली दालनाच्या मध्यावर बसायची होती, एकटी, चारी बाजूंनी काच.

साचा घेऊन झाला आणि थोरली बरणी परत करायला संग्रहालयात गेली. दालनाचं काम बघणाऱ्या मॅडमनी बरणी उजेडात धरली. माशाच्या पोटाखाली चिकटलेला वालाच्या दाण्याएवढा एक सुरकुतलेला गोळा थोरलीनं पाहिला आणि सहज विचारलं, “ही गाठ कसली हो?”

“गाठ नव्हे,” मॅडम हसून म्हणाल्या, “नवरा आहे तिचा.”

“काय सांगता!”

“अगदी खरं. एवढासाच असतो. अंधारात वासावरून हिला शोधत येतो, पोटाला चावतो आणि धरलेलं सोडतच नाही. मग कातडीत कातडी मिसळते, रक्तात रक्त. डोळेही झिजत जातात त्याचे, काही बघायचं उरत नाही ना.”

थोरली घरी परतली ती ही गंमत कधी एकदा सांगते असं होऊन. वाटेत मनातल्या मनात हसत होती. जाळ होता पोटात, पण माणूस वाईट नव्हती हो. साच्यांच्या खोलीत पाऊल टाकून तिनं तोंड उघडलं, “अगं, त्या पोटाखाली...”

तेवढ्यात कोरणीचा टक्क आवाज झाला. कंदीलवाली साच्यातून निघून उताणी पडली होती आणि धाकटीनं तिच्या पोटावरून काहीतरी उडवलं होतं. ते घरंगळत थोरलीच्या पायाशी आलं.

तुम्ही विचाराल, असं कसं उडवलं? अहो, साच्यात हवेचा बुडबुडा अडकला की ओतीव माशाच्या अंगावर बारीक गोळी उठते. कारखान्यात तिला चामखीळ म्हणतात. ती काढून जागा गुळगुळीत करायची, ही तासणाऱ्याची पहिली शिकवण. धाकटीला ती चामखीळ वाटली. कुणालाही वाटली असती.

मास्तर बाजूलाच होते. त्यांनी कंदीलवालीच्या अंगावरून सावकाश तळवा फिरवला. पाठ, कल्ले, पोट. पोटाशी हात जरा थांबला.

“वा! एक चामखीळ शिल्लक नाही. हात म्हणावा तर असा! धाकटे, पुट्टी कालव. या माशावर तुझा अंगठा.”

थोरलीचं वाक्य तोंडातच राहिलं. “काय म्हणत होता वहिनी?” धाकटीनं आनंदानं लाल झालेल्या चेहऱ्यानं विचारलं.

“काही नाही. चहा टाकते म्हणत होते.”

आणि तिनं पाऊल थोडं पुढे सरकवून ते पायाखाली झाकलं. नंतर कुणाचं लक्ष नसताना उचललं आणि आपल्या रंगांच्या पेटीत, कुंचल्यांच्या खाली ठेवून दिलं.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक नाटक सुरू झालं. पाहायला मॅडम येणार. त्या विचारणार, नवरा कुठाय? धाकटीचं तोंड उतरणार. मास्तर खाली बघणार. आणि मग आपण शांतपणे पेटी उघडणार. ‘काळजी करू नका, मला तो केरात सापडला, मी जपून ठेवला.’ हे वाक्य ती भांडी घासताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. देवापुढे हात जोडून उभी राहिली तरी स्तोत्राच्या मधेच ते यायचं. बिचाऱ्या देवानं ते किती वेळा ऐकून घेतलं असेल!

दुपारी मास्तर आडवे झाले की ती चौकटीकडे पाठ करून बसायची आणि त्या दाण्याएवढ्या नवऱ्याला रंगवायची. आधी तपकिरी. तो वाळला की काळसर जांभळा. मग धुरकट निळा, बोटानं पुसून घेतलेला. शेपटीच्या काड्या एका केसाच्या कुंचल्यानं. आणि डोळा, झिजत चाललेला, मिटूही न शकलेला. आयुष्यात इतकं सुंदर काम तिच्या हातून झालं नव्हतं, आणि ते मत्सरानं करवून घेतलं होतं. पलीकडे साच्यांच्या खोलीत धाकटी गात असायची. एकदा तर तिनं चौकटीतून डोकं आत घालून विचारलं, “वहिनी, काय करताय एवढं वाकून?”

“कुंचले साफ करतेय.”

“किती जपता हो तुम्ही! मला तर असा धीरच नाही.”

कौतुकच होतं ते, पण थोरलीला ते लागलं. ही दयाळू होऊन बोलतेय, कारण हिच्याकडे अंगठा आहे, असं तिला वाटलं. मग तिनं कंदीलवालीला उलटी करून पोट पाहिलं. नवरा जिथून तुटला होता तिथं खूण शोधली. खूण नव्हती. धाकटीनं ती जागा अशी घासली होती, आजूबाजूची खरखर तिच्यावरून अशी उठवून आणली होती, की काही काढलंय हे देवालाच ठाऊक. थोरली त्या जागेवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसली. चूक होती, पण काय सफाईनं केलेली चूक! असं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं. तिचा आणखीच तिळपापड झाला.

बाकी सगळा मासा रंगवून झाला. तोंडाची आतली बाजू तेवढी तिनं शिल्लक ठेवली होती. अंगठ्याकडे बघवत नव्हतं.

मॅडम आल्या. हातात टॉर्च, पायात साधी चप्पल. त्यांनी कंदील पाहिला, दात मोजल्यासारखे पाहिले, “सुरेख, सुरेख” म्हणाल्या, आणि सरळ जमिनीवर उकिडव्या बसून खालून पाहू लागल्या.

“अहो, नवरा कुठाय?”

“कोण, आमचे?” धाकटी म्हणाली. “दोघंही बाहेरगावी गेलेत.”

“तुमचे नव्हेत हो, हिचे!”

धाकटी हसली, मग मॅडम हसत नाहीत हे बघून थांबली. मॅडमनी समजावून सांगितलं तसतसा तिचा चेहरा पांढरा होत गेला. “बाबा,” ती मास्तरांकडे वळून हळूच म्हणाली, “ती चामखीळ...” मास्तरांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. तो हातही तिथून फिरला होता.

थोरली उठली. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे. तिनं पेटी आणली, उघडली, आणि कापसात ठेवलेला नवरा तळहातावर पुढे धरला. “काळजी करू नका,” ती म्हणाली, “मला तो केरात सापडला, मी जपून ठेवला.”

“अगं बाई!” मॅडम टॉर्च जवळ नेत म्हणाल्या. “हा तर श्वास घेईल आता. हा डोळा कुणी काढला?”

धाकटी पुढे येऊन थोरलीच्या गळ्यातच पडली. “वहिनी! वाचवलंत हो मला!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते थोरलीच्या खांद्यावर ओलं लागलं. हे मात्र नाटकात नव्हतं.

“बघू इकडे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी नवरा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, दिसेना, मग नाकाजवळ नेला. मग अंगठ्याचं नख त्याच्या पाठीवर दाबलं. नख उमटलं नाही, रंग आतपर्यंत वाळलेला होता.

थोरलीनं इतक्या तालमी केल्या, पण हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घाईघाईनं एक हात फासून आणला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिला तसं रंगवताच येत नव्हतं. हातावर हात, प्रत्येक हात पुरता वाळवलेला. किती दिवसांपासून हा तिच्या पेटीत होता, ते तो नवरा आपल्या पाठीवर घेऊन आला होता.

मास्तर मॅडमकडे वळले. आवाज अगदी नेहमीचा. “आमची पद्धतच आहे तशी. बारीक जिन्नस सुटे रंगवतो, शेवटी बसवतो.”

“मग बसवला की कळवा,” मॅडम म्हणाल्या आणि कपड्यांवरची धूळ झटकत निघून गेल्या.

दार लागलं. मास्तर स्टुलावर बसले. “थोरले, हात किती दिलेस याला?”

ती पेटीतले कुंचले सारखे करू लागली.

“सहाच्या खाली नाहीत. नुसत्या वासावरून सांगतो. म्हणजे अंगठा लागला त्या दिवशीच तुला ठाऊक होतं.”

धाकटीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती दोन पावलं मागं सरली. “इतके दिवस? वहिनी, इतके दिवस समोर बसून माझ्याबरोबर चहा प्यायलात! मी विचारलं तर म्हणे कुंचले साफ करतेय! आणि मी मूर्ख आत्ता तुमच्या गळ्यात पडले!”

“मी सांगायला आले होते,” थोरली म्हणाली. “तोंड उघडलं होतं मी.”

“मग मिटलं कशाला?”

उत्तर मास्तरांनी दिलं. “कारण मी बोललो.” ते उठले, कंदीलवालीजवळ गेले, तिच्या जबड्यात बोट घालून त्यांनी टाळा चाचपला. “मी हा अंगठा दिला तो चामखीळ नाही म्हणून दिला. दिला तोच चुकीच्या कारणानं. थोरले, हा खरवडून काढतो. तू म्हणशील तर. बोल.”

बघा हं आता. जे इतके दिवस घशाखाली घास उतरू देत नव्हतं, ते एका शब्दावर आलं होतं. मास्तरांच्या हातात कोरणी. धाकटीचे डोळे त्या कोरणीवर, पण ‘नको’ असं तिनंही म्हटलं नाही, तेवढी मानी होती. थोरलीनं त्या काळ्या पोटाकडे पाहिलं. खूण नव्हती.

“राहू द्या,” ती म्हणाली. “बाकीचा सगळा मासा तिनं घडवलाय. असं मला जमलं नसतं.” मग थोडं थांबून, “मला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, अंगठा लाव म्हणून. फार हवं होतं. आता नको. आता तुम्ही म्हणालात तरी ते हे सगळं झाल्यावरचं असेल.”

कोरणी जागेवर ठेवून मास्तर बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सुनांना काय द्यायचं राहून गेलं हे म्हाताऱ्या माणसाला असं एकदम कळलं, की मग बाहेरच जाऊन बसावं लागतं.

आता नवरा बसवणं आलं. ते एकीचं काम नव्हतं. धाकटीनं कातडी पुन्हा कोरून त्याचं तोंड आत रुतवायचं, सांधा पुट्टीनं भरून खरखर उठवायची, आणि पुट्टी ओली असतानाच थोरलीनं त्यात रंग मुरवायचा, तर कातडीत कातडी मिसळल्यासारखी दिसणार. कंदीलवाली उलटी टांगली आणि दोघी तिच्या पोटाखाली डोक्याला डोकं लावून बसल्या. गाणं नव्हतं. खोली अशी सुनी कधी वाटली नव्हती.

“जळत होते मी तुझ्यावर,” थोरली शेवटी म्हणाली. “खोटं कशाला बोलू. अजूनही जळतेय.”

“मग जळा,” धाकटी म्हणाली. “पण आधी याची शेपटी धरा, हलतोय.”

थोरलीनं धरली. दोन बोटांच्या चिमटीत, पुट्टी घट्ट होईपर्यंत. काही वेळानं धाकटी म्हणाली, “तुमच्यासारखा डोळा मला या जन्मात काढता येणार नाही. मला काय वाटत असेल, ते कधी विचारलंत?”

थोरलीनं मान वर केली नाही. पण मला धाकटीनंच सांगितलं, की तेव्हा वहिनींच्या हातून पहिल्यांदाच रंगाचा एक ठिपका जिथं नको तिथं पडला. तो दोघींनी मिळून पुसला. तोंडाची आतली बाजू थोरलीनं दुसऱ्या दिवशी रंगवली. अंगठ्याची एक रेष बुजू दिली नाही.

तर ते दालन उघडलं, लोक आले. सगळे कंदिलाकडे बघतात, दातांकडे बघतात, मुलं किंचाळतात आणि पुढे जातात. खाली वाकून कुणी फारसं बघत नाही. मत्सर गेला का म्हणाल, तर नाही हो, तसा एका दिवसात कुणाचा गेलाय? थोरलीनं तो पुष्कळ वर्षं बाळगला, धाकटीनंही आपला बाळगला, आणि दोघी त्याच दोन खोल्यांत त्या चौकटीच्या अलीकडे-पलीकडे मासे करत राहिल्या. धाकटी बेसूर गायची. कधी कधी पलीकडून कुणीतरी सूर देई.

थोरली आता नाही. धाकटी म्हणते, तिच्या हातचं काम कुठं कुठं आहे हे सांगायला एक खूणसुद्धा नाही मागं. म्हणून तुमच्यापुढं पदर पसरते. संध्याकाळी देवापुढं दिवा लावाल आणि आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर थांबा आणि तिलाही आठवा. नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. थोरली म्हटलं तरी त्याला कळेल.